पावतीविना ठेव

दक्षिण फ्रान्समध्ये आवेरों नावाचा एक डोंगराळ जिल्हा आहे. जुन्या काळी या प्रदेशाला रुएर्ग म्हणत. लोत नदीला मिळणारी दुर्दू ही लहानशी नदी आणि दुर्दूला मिळणारा ऊश हा ओढा, या दोहोंच्या संगमाजवळ डोंगराच्या उतारावर कोंक हे गाव वसले आहे. लॅटिन भाषेत शिंपल्यासाठी जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. समोरच्या डोंगरावर उभे राहून पाहिले असता दरीचा खोलगट आकार पाहून हे नाव सार्थ वाटते. आज गावापर्यंत मोटारीचा रस्ता आहे, परंतु ज्याला कोंक खऱ्या अर्थाने जाणून घ्यावयाचे आहे, त्याने तेथे आणि त्याच्या परिसरात पायीच फिरावे. या गावाचा इतिहास ग्रंथांत आहे, तितकाच तो त्याच्या चढ-उतारांत आहे.

मध्ययुगापासून यात्रेकरू स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थाकडे फ्रान्समधून पायी जात आले आहेत. त्यांच्या चार प्रमुख मार्गांपैकी एक ल प्वी-आं-व्हले या नगरापासून निघतो. तेथून कोंकपर्यंतचे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. सामान्य चालीचा मनुष्य दहा-अकरा दिवसांत येथे पोहोचतो. पुष्कळ जण येथेच यात्रा थांबवितात, काही जण पुढे पिरेनीज पर्वत ओलांडून महिना-दोन महिने चालत राहतात. १९९८ साली युनेस्कोने फ्रान्समधील या यात्रामार्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात कोंकचे मठमंदिर आणि दुर्दू नदीवरील जुना पूल या दोहोंचाही समावेश आहे.

वाटेवर झाडांच्या बुंध्यांवर आणि दगडी कुंपणांवर रंगाचे दोन पट्टे ओढलेले असतात; वर पांढरा, खाली तांबडा. हे पट्टे दिसत राहिले की वाट बरोबर आहे असे समजावे. जेथे याच दोन रंगांची फुली दिसेल, तेथे पुढे जाऊ नये. ती वाट आपली नव्हे. फ्रान्समधील दूर पल्ल्याच्या सर्व पायवाटांवर हीच खूण चालते. ती कळण्यास भाषेची गरज पडत नाही.

पठारावरून कोंककडे उतरणारी शेवटची वाट फार उभी आहे. झाडीतून उतरत असता गाव बराच वेळ दिसतच नाही. मग एकाएकी छपरे दिसू लागतात. शिस्ट नावाच्या करड्या खडकाच्या पातळ फरश्या माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसवून ती शाकारलेली आहेत. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटी असून मधली जागा दगड-मातीने भरलेली आहे. गल्ल्या इतक्या उताराच्या आहेत की अनेक घरांना खालच्या गल्लीत एक दार आणि वरच्या गल्लीत दुसरे दार असते. या सर्वांच्या मधोमध मठमंदिराचे मनोरे उभे आहेत. मंदिराच्या बांधकामात करडा शिस्ट, तांबडा वालुकाश्म आणि पिवळसर चुनखडक असे तीन दगड आहेत. उन्हे कलली की पिवळा दगड सोन्यासारखा उजळतो.

या मंदिराची मूळ कथा मात्र सोन्यासारखी उजळ नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाचा एक विरक्त पुरुष या निर्जन दरीत येऊन राहिला. त्याच्याभोवती मठ उभा राहिला. ८१९ साली सम्राट पहिला लुई याने मठाला सनद दिली. परंतु मठ दरिद्री होता. त्याच्याकडे कोणाही संताचे अवशेष नव्हते. त्या काळी अवशेष असत तेथे यात्रेकरू येत, आणि यात्रेकरू येत तेथे दान येई. आजां या दूरच्या नगरात सेंत फुआ या बालसंताच्या अस्थी पूजिल्या जात. धर्मासाठी चौथ्या शतकाच्या आरंभी मारली गेलेली ही मुलगी अवघी बारा-तेरा वर्षांची होती, असे परंपरा सांगते. फ्रेंचमध्ये तिच्या नावाचा अर्थ श्रद्धा असा आहे. विश्वास असाही आहे.

नवव्या शतकाच्या मध्यास कोंकचा एक साधू आजांला गेला. तेथील समाजात मिसळून तो अनेक वर्षे राहिला. अखेर समाधीच्या रक्षणाचे काम त्याच्यावरच सोपविण्यात आले. मग एके रात्री त्याने समाधी उघडली आणि अस्थी घेऊन तो कोंकला परतला. मठाच्या इतिहासकारांनी ही गोष्ट लपविली नाही. उलट संताचीच तशी इच्छा होती, असे तिचे समर्थन केले. मध्ययुगात अशा पवित्र चोऱ्या इतरत्रही झाल्या. तरीही ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच, विश्वास हे जिचे नाव तिला चोरून न्यावे, ही गोष्ट वाचकाच्या मनात काट्यासारखी सलत राहते. पुढील सारे वैभव या एका रात्रीवर उभे आहे.

वैभव खरोखरच आले. अस्थींसाठी मूर्ती घडविण्यात आली. आतला गाभा यू वृक्षाच्या लाकडाचा, वरून सोन्याचा पत्रा, आणि शतकानुशतके भक्तांनी वाहिलेली रत्ने त्यावर जडविलेली. मूर्तीची उंची सुमारे ८५ सेंटिमीटर आहे. तिचे मस्तक मूळ मूर्तीहूनही पुष्कळ जुने, उत्तर रोमन काळातील असून ते एखाद्या सम्राटाच्या प्रतिमेचे असावे, असे अभ्यासक मानतात. अकराव्या शतकाच्या आरंभी आंजे नगरातील बर्नार नावाचा एक विद्वान ही मूर्ती पाहण्यास आला, तेव्हा त्याच्या मनात उपहास होता. सोन्याच्या बाहुलीपुढे लोक लोटांगण घालतात, असे त्याला वाटले. काही दिवस राहून, लोकांची भक्ती पाहून त्याचे मत पालटले आणि सेंत फुआच्या चमत्कारकथांचा ग्रंथ त्यानेच लिहिला.

यात्रेकरूंच्या दानातून अकराव्या शतकात सध्याचे मंदिर उभारण्यास आरंभ झाला आणि बाराव्या शतकाच्या पहिल्या चरणात त्याच्या पश्चिम द्वारावरील अर्धवर्तुळाकार शिल्पपट कोरला गेला. विषय अंतिम न्यायाचा. त्यात १२४ आकृती आहेत. मूळ रंगांचे काही अंश आजही दगडावर टिकून आहेत. मधोमध ख्रिस्त बसला आहे. त्याचा उजवा हात वर, डावा खाली. एका बाजूस शांत, रांगेने उभी असलेली माणसे. दुसऱ्या बाजूस नरकातील गर्दी, ओढाताण, गोंधळ. दोहोंच्या सीमेवर एक तराजू आहे. देवदूत आणि सैतान समोरासमोर उभे आहेत आणि सैतान आपल्या बाजूचे पारडे खाली जावे म्हणून हळूच त्यावर बोट दाबतो आहे. ज्याचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले, त्याला या बोटाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही.

नरकाच्या भागात शिल्पकाराने कोणाचीही गय केलेली नाही. अहंकारी सरदार घोड्यावरून उलथा पडतो आहे. निंदकाची जीभ ओढली जात आहे. गळ्यात पैशाची थैली अडकविलेला कंजूष फासावर लटकतो आहे. ज्या थैलीला त्याने आयुष्यभर जपले तीच आता त्याचे ओझे झाली आहे. खोटी नाणी पाडणारा आपल्या हत्यारांसह बसला असून त्याला वितळलेला धातू पाजला जात आहे. एका कोपऱ्यात सशासारख्या डोक्याचा जीव एका माणसाला काठीला बांधून विस्तवावर भाजतो आहे. चोरून शिकार करणाऱ्याची ही गत, असा त्याचा अर्थ लावतात. ज्याला मारले त्याच्याच हाती आज विस्तव आहे. कोणत्याही धर्माच्या माणसाला या चित्रासमोर क्षणभर थांबावेसे वाटेल.

मठाधिपती आणि राजेही सुटलेले नाहीत. नरकात मठाधिपतीचा दंड हाती असलेली आकृती आहे, मुकुट घातलेला राजाही आहे. पुण्यवंतांच्या रांगेत मठाचा आश्रयदाता सम्राट शार्लमेन आहे खरा, पण तो वाकलेला आहे आणि एक मठाधिपती त्याचा हात धरून त्याला पुढे नेतो आहे. मागून सेवक दानाच्या वस्तू घेऊन येत आहेत. सम्राटाची पात्रता त्याच्या एकट्याच्या बळावर सिद्ध होत नव्हती, असे जणू शिल्पकार सुचवितो. वरच्या बाजूस लहानगी सेंत फुआ गुडघे टेकून नतमस्तक झाली आहे आणि एक हात ढगांतून तिच्याकडे पुढे आला आहे. तिच्या मागे कमानींत बेड्या टांगलेल्या दिसतात. तिच्या प्रार्थनेने सुटलेले बंदिवान आपल्या बेड्या येथे आणून वाहत. मंदिराच्या गाभ्याभोवतीची लोखंडी जाळी त्याच बेड्या वितळवून घडविली, असे सांगितले जाते.

शिल्पपटावर कोरलेल्या लॅटिन ओळींत चोर, खोटारडे आणि लोभी यांना शिक्षा होईल, असा इशारा आहे. हा इशारा कोरविणाऱ्या मठाने स्वतःचे भाग्य एका चोरीवर उभारले होते. हा विरोध त्या काळच्या साधूंना टोचला की नाही, हे दगड सांगत नाही. मात्र त्याचे उत्तर कित्येक शतकांनी गावानेच दिले, आणि ते समजण्यासाठी मंदिरापासून खाली नदीकडे चालत जावे लागते.

मंदिरासमोरून शार्लमेनच्या नावाची गल्ली उतरते. ती दगडी फरशीची, अरुंद आणि पावसात निसरडी आहे. डाव्या-उजव्या हाताला लाकडी चौकटींची घरे, द्राक्षवेलींचे मांडव, लहान परसबागा. जवळच एका खडकाळ सुळक्यावर सें रोकचे लहान देऊळ आहे. तेथून संपूर्ण गाव एका दृष्टिक्षेपात दिसते. पुढे तांबड्या दगडाची बारी वेस लागते. गावाला तटबंदी होती तेव्हाची ही वेस आहे. वेशीबाहेरची वस्ती ओलांडली की वाट थेट दुर्दूच्या पात्राशी पोहोचते.

नदीवरचा पूल अरुंद, कमानींचा आणि मध्ये किंचित उंच आहे. त्याला रोमन पूल म्हणतात, पण रोमन साम्राज्याशी त्याचा संबंध नाही. तो पंधराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. या भागातील जुन्या बोलीत यात्रेकरूला जो शब्द होता, त्याचा अपभ्रंश होऊन हे नाव पडले. पूल ओलांडताच समोरच्या डोंगराचा चढ सुरू होतो. हा चढ फार लांब नाही, पण उभा आहे. पाठीवर ओझे घेतलेले यात्रेकरू येथे बोलणे थांबवितात.

वाटेच्या दोन्ही बाजूंस चेस्टनटची झाडे आहेत. गहू न पिकणाऱ्या या डोंगरात शतकानुशतके हेच गरिबांचे अन्न होते, म्हणून या झाडाला येथे भाकरीचे झाड म्हणत. शरद ऋतूत फळे गोळा करीत आणि लहान दगडी खोपटांत वाळवीत. खोपटात वर फळ्यांचा माळा, त्यावर चेस्टनट पसरलेले, खाली मंद धुराचा विस्तव. काही आठवडे तो तसाच ठेवावा लागे. मग कवच फोडून गर साठवीत, पीठ करीत. उतारावर दगडी बांध घालून द्राक्षमळे केलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सभरचे मळे खाल्ले, तेव्हा येथील अनेक बांधही ओसाड पडले. कोंकची माणसे श्रीमंत कधीच नव्हती, हे या वाटेवर ध्यानात येते. सोने मंदिरात होते. घरात चेस्टनट होते.

चढाच्या मध्यावर सेंत फुआच्या नावाचे एक छोटे देऊळ आहे. जवळच झरा आहे. त्याच्या पाण्याने डोळ्यांचे विकार बरे होतात, अशी श्रद्धा आहे. देवळाची घंटा वाजविण्याची यात्रेकरूंची रीत आहे. दरीपलीकडे गावापर्यंत तिचा नाद जातो. येथे मागे वळून पाहिले म्हणजे छपरांचा तो करडा पुंजका आणि त्यातून वर आलेले मनोरे दिसतात. याच छपरांखाली एकदा फार मोठी ठेव लपली होती.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९० मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले. पुढील वर्षांत राज्याला युद्धासाठी धन हवे होते. देशभरातील मंदिरांतील सोन्याचांदीच्या वस्तू टाकसाळीकडे नेऊन वितळविण्यात येऊ लागल्या. फ्रान्समधील मध्ययुगीन सुवर्णकामाचा प्रचंड भाग त्या काही वर्षांत नाहीसा झाला. कोंकचा खजिनाही जाणार हे उघड होते. तेव्हा गावकऱ्यांनी तो आपसांत वाटून घेतला. कोणी आपल्या बागेत पुरला, कोणी घरात लपविला, कोणी चेस्टनट वाळविण्याच्या खोपटात ठेवला. वादळ शमल्यावर त्यांनी त्या वस्तू परत आणून दिल्या. मध्ययुगीन सुवर्णकामाचा इतका समृद्ध संग्रह फ्रान्समध्ये आज क्वचितच पाहावयास मिळतो. तो येथे आहे, याचे कारण ही माणसे.

या व्यवहाराचा थोडा विचार करावा. ठेव स्वीकारणाऱ्याकडून पावती लिहून घेतलेली नव्हती. वजनाची नोंद नव्हती, जामीन नव्हता, व्याज नव्हते. वस्तू सापडली असती तर शिक्षा ठेवणाऱ्याला झाली असती. तिचा एखादा तुकडा वितळवून विकला असता तर शोध घेणे फार कठीण होते, कारण ज्या मठाची ती मालमत्ता होती तो मठच उरला नव्हता. मालक राहिला नाही, कायदा विरोधात आहे, घरात दारिद्र्य आहे आणि अंगणात सोने पुरलेले आहे, अशा स्थितीत प्रामाणिक राहणे म्हणजे काय, हे पुस्तकातून सांगता येत नाही. आजच्या काळात ठेवीदाराच्या रक्षणासाठी कायदे, विमा, तपासणी आणि कुलपे यांची एक संपूर्ण व्यवस्था उभी आहे, आणि ती आवश्यकही आहे. परंतु ती सारी व्यवस्था ज्या गुणाच्या जागी उभी केलेली आहे, तो गुण कोंकच्या शेतकऱ्यांनी कोणतीही व्यवस्था नसताना दाखविला. एका विश्वासघातकी रक्षकाने आणलेली ठेव अनेक अनाम रक्षकांनी विश्वासाने सांभाळली.

तथापि या गावकऱ्यांना संतांच्या मालिकेत बसविणेही योग्य होणार नाही. मठाला लागून एक सुंदर दगडी ओवऱ्यांचे चौक होते. मठ बंद पडल्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ते मोडून त्याचे दगड लोकांनी घरे बांधण्यासाठी नेले. आज त्यातील फार थोड्या कमानी जागेवर उभ्या आहेत. सोने परत करणाऱ्या त्याच गावाने दगड परत केले नाहीत. सोने हे संताचे, म्हणून ती ठेव. दगड कोणाचेच नव्हेत, म्हणून ते साहित्य, असा काहीसा हिशेब त्यांच्या मनात असावा. मनुष्य ज्याला पवित्र मानतो त्याचेच रक्षण करतो, आणि पवित्र काय हे ठरविण्यात त्याची गफलत होऊ शकते. आपल्याही गावोगावच्या जुन्या वास्तूंचे दगड कोणाकोणाच्या भिंतींत गेले आहेत, हे पाहिले तर कोंकला दोष देण्याचा अधिकार फार थोड्यांना उरेल.

१८३७ साली प्रॉस्पेर मेरिमे येथे आला. कथाकार म्हणून त्याची कीर्ती आहे, पण त्या वेळी तो ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक म्हणून देशभर फिरत होता. इतक्या आडरानात इतके वैभव पाहून तो थक्क झाला. मंदिर मोडकळीस आले होते. त्याच्या अहवालामुळे सरकारचे लक्ष गेले आणि डागडुजी सुरू झाली. १८७३ मध्ये प्रेमोंत्रे संघाचे साधू येथे राहावयास आले. १८७५ साली दुरुस्तीच्या कामात भिंतीमागे लपविलेली एक पेटी सापडली; तीत सेंत फुआच्या मानलेल्या अस्थी होत्या. वेगवेगळ्या संकटांत, वेगवेगळ्या पिढ्यांनी या गावात काही ना काही लपवून जपले होते.

अलीकडच्या काळातही एकाने येथे आपली भर घातली. जवळच्या रोदेझ नगरात १९१९ साली जन्मलेला चित्रकार प्येर सुलाज हा मुलगा असताना कोंकला आला होता. कलेला आयुष्य वाहण्याचा निश्चय याच मंदिरात झाला, असे तो सांगत असे. काळ्या रंगाची चित्रे काढणारा म्हणून जगभर नाव झाल्यावर त्याच्याकडे या मंदिराच्या खिडक्यांचे काम आले. १९८७ ते १९९४ या काळात त्याने १०४ खिडक्यांसाठी काच तयार करविली. त्या काचेत रंग नाही, चित्र नाही. ती दुधट आहे; तिच्यातून प्रकाश आत येतो, पण बाहेरचे दृश्य दिसत नाही. प्रहराप्रहराने भिंतींवरील प्रकाशाची छटा पालटते. अनेकांना ही काच प्रथम उदास वाटली. हळूहळू लोकांना उमगले की तिने लक्ष स्वतःकडे न ओढता दगडाकडे वळविले आहे. सुलाज २०२२ साली निवर्तला. काचा दररोज आपले काम करीत आहेत.

देवळापासून परत उतरताना संध्याकाळ होते. पूल, वेस, मग पुन्हा तीच फरसबंद गल्ली. खजिना आता मठाच्या बाजूच्या संग्रहालयात आहे. काचेच्या कपाटात, योग्य प्रकाशात, पहाऱ्यात. सोन्याची ती छोटी मूर्ती सिंहासनावर ताठ बसून मोठ्या, निश्चल डोळ्यांनी समोर पाहत असते. तिच्या खाली माहितीच्या पाटीवर शतके आणि धातू यांचा उल्लेख असतो. ज्यांच्या बागांत हा खजिना माती खात पडून होता त्या माणसांची नावे प्रवाशाच्या कानी पडत नाहीत. त्यांनी ती नोंदविली जावीत असा आग्रह धरल्याचेही ऐकिवात नाही.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर एक साधू मंदिराबाहेर उभा राहून यात्रेकरूंना शिल्पपटाचा अर्थ समजावून सांगतो. थैली गळ्यात अडकविलेला कंजूष, सशाने भाजलेला शिकारी, तराजूवरचे बोट यांची ओळख होते आणि थकलेली माणसे हसतात. मग सर्व जण झोपावयास जातात. सकाळी लवकर उठून, पाठीवर ओझी घेऊन, त्यांपैकी काही जण नदीकडे उतरतात. थोड्या वेळाने समोरच्या डोंगरावरील घंटा वाजते आणि गावातील घरे उघडू लागतात.